पाणी कुणाच्या नावाने

लंडनमधल्या एजवेअरच्या त्या घरी मी कागद बघायला गेले होते, पण मला आधी जेवायला बसवलं. वरण-भात, फ्रोझन मटार घातलेली बटाट्याची भाजी आणि वर तुपाचा गोळा. मी डबा खाऊन निघाले होते, तसं सांगितलंही. पण समोरच्या बाई ऐकणाऱ्यातल्या नव्हत्या. "कागद कुठे पळून नाही जाणार," त्या म्हणाल्या, "पण भात कोल्ड होतो."

मी एका लायब्ररीच्या संग्रहात काम करते. माणूस गेला की त्याची मुलं-नातवंडं त्याचे कागद घेऊन आमच्याकडे येतात. ते घ्यायचे का, घेतले तर कसे लावायचे, कुणाला दाखवायचे, हे ठरवण्यात माझे दिवस जातात. मूळची मी नागपूरची, आता हाउन्सलोला राहते, आणि माझ्या पायाला भिंगरी आहे असं आई लहानपणापासून म्हणत आली. असली बाई एका जागी बसून करायच्या कामात कशी पडली, हे कोडं माझ्या नवऱ्याला अजून सुटलेलं नाही. मलाही नाही.

बाई सत्तरी ओलांडलेल्या, रिटायर्ड शिक्षिका, विधवा. जन्म लंडनचा. मी मॅडम म्हटलं तर "प्लीज, नो" म्हणाल्या. नावाने हाक मारा म्हणाल्या, ते माझ्या तोंडून निघेना. शेवटी मावशीवर तडजोड झाली. मावशींचं मराठी आईवडिलांकडून ऐकून आलेलं, शाळेत कधी न तपासलेलं. त्यात सगळं जग पुल्लिंगी होतं आणि मधेमधे इंग्रजी. पण त्या ते न लाजता बोलत, आणि मला ते ऐकायला आवडायचं.

त्यांचे वडील वकील होते. दुसऱ्या महायुद्धात फौजेत गेले आणि युद्ध संपल्यावर त्यांना सिंगापूरला नेमलं. ज्या जपानी छावण्यांमध्ये कैद्यांचे हाल झाले, तिथल्या अधिकाऱ्यांवर आणि पहारेकऱ्यांवर इंग्रजांच्या लष्करी कोर्टात खटले चालले होते. त्या कैद्यांत आपले शिपाईही खूप होते. आरोपींना इंग्रजी कायदा ठाऊक नव्हता, म्हणून त्यांच्या मदतीला एक अधिकारी द्यायचे. मावशींचे वडील तो अधिकारी होते. म्हणजे आरोपींच्या बाजूचे. पुढे ते लंडनला आले आणि जन्मभर लोकांच्या घरखरेदीची कागदपत्रं करत राहिले. इथल्या मराठी मंडळींना एवढंच माहीत की यांनी जपान्यांना फासावर चढवलं. वडिलांनी कधी ते खोडून काढलं नाही, आणि मावशींनीही नाही.

कागद वरच्या खोलीत होते. वाइनच्या दुकानातून आणलेले खोके, आणि आत वकिली गठ्ठे, फिक्या गुलाबी फितीने बांधलेले. एका आरोपीचा एक गठ्ठा. आमच्या धंद्यात एक नियम आहे. माणसाने कागद ज्या क्रमाने ठेवले, तो क्रम मोडायचा नाही. कितीही गबाळा वाटला तरी नाही. मी फिती न सोडता खोके नुसते चाळले, फोटो काढले आणि खाली आले. मला निघायची घाई होती. मला कायमच असते.

"बस," मावशी म्हणाल्या. "मला एक थिंग विचारायचा आहे."

मग त्यांनी ते सांगितलं. त्यांचे वडील देवळात जाणारे नव्हते. रविवारी बेकन खायचे, गणपतीला मंडळात जायचे ते मोदकांसाठी. पण दरवर्षी सर्वपित्री अमावास्येला सकाळी मागच्या बागेत शेडकडे तोंड करून उभे राहायचे, हातावर काळे तीळ घ्यायचे आणि पाणी सोडायचे. आधी आपल्या आईवडिलांना, मग आणखी एका माणसाला. तो कोण, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. पुढे त्यांना स्ट्रोक आला, बोलणं तुटत चाललं, तेव्हा एकदा मुलीचा हात धरून म्हणाले, "त्या माणसाला पाणी देत जा. त्याला आपल्याशिवाय कुणी नाही." नाव विचारलं तर म्हणाले, "कागदात आहे." त्यानंतर त्यांची वाचाच गेली.

"मी एकदा कागद उघडला," मावशी म्हणाल्या. "इतका भयंकर लिहिला होता की मी बंद केला. त्यात किती तरी माणसं. कोण बाबाचा माणूस, मला कसा कळणार? तेव्हापासून मी पाणी देते, पण नाव नाही घेत. मी म्हणते, 'बाबाचा माणूस'. तो नाव नसलेला, नुसता 'टु द ऑक्युपायर' लिहिलेला जंक मेल येतो ना, तसा."

त्या हसल्या, पण डोळे भरले होते. घर विकायला काढलं होतं. मुलगा ग्लासगोला डॉक्टर, त्याच्या जवळच एक फ्लॅट बघितला होता, तिसऱ्या मजल्यावर, बाग नाही. ही त्या बागेतली शेवटची सर्वपित्री. "एकदा तरी," त्या म्हणाल्या, "प्रॉपर नाव घेऊन द्यायचा आहे. मग तुम्ही घेऊन जा सगळा."

मला राग आला. कशाचा ते तेव्हा नीट कळलं नाही. मी जरा कोरडेपणानेच सांगितलं की आम्ही बौद्ध, आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरात श्राद्धपक्ष बंद आहे, आणि तो बंद झाला याचा मला आनंदच आहे. मेलेल्याला पाणी पोचतं वगैरे गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही.

"हाउ सेन्सिबल," मावशी म्हणाल्या. "पण नाव शोधशील ना?"

मी शोधते म्हटलं.

खोके लायब्ररीत आले. देणगीच्या कागदांवर मावशींची सही अजून व्हायची होती, म्हणजे मालकी त्यांचीच. तपासणीपुरते ते आमच्याकडे होते. बाहेरून आलेला कुठलाही खोका आधी आमच्या कॉन्झर्व्हेटरकडे जातो. हा कागदांचा वैद्य. कीड, बुरशी, ओल, काय असेल ते शोधतो, ब्रशने साफ करतो आणि मगच खोका पुढे सोडतो. गोरापान, मितभाषी, कमालीचा काटेकोर माणूस. त्याच्या टेबलावर पेन्सिलीसुद्धा उंचीने लावलेल्या असतात. मी त्याच्या खोलीत गेले की त्याच्या जिवाची घालमेल होते, कारण मी बोलता बोलता वस्तू उचलते आणि भलतीकडे ठेवते.

इकडे मी आरोपींची माहिती वाचायला घेतली, काढलेल्या फोटोंवरून आणि जुन्या छापील संदर्भांतून. एक कमांडंट होता, एक डॉक्टर, बरेच पहारेकरी. वडिलांचा माणूस यांतला कोण? मला वाटलं डॉक्टर असेल, शिकलेला म्हणून. मग वाटलं कमांडंट, वयाने मोठा म्हणून. सगळाच अंदाजपंचे कारभार. बसमध्ये तेच, भांडी घासताना तेच. एकदा विचारात हाउन्सलोचा स्टॉप मागे टाकून थेट एअरपोर्टला पोचले. नवरा म्हणाला, "तुझा कोण लागतो तो? बस ना जरा." मी म्हटलं, कुणी नाही. आणि उठून पुन्हा ओटा पुसायला घेतला.

मग एके सकाळी कॉन्झर्व्हेटरचा निरोप आला. खोक्यात उंदीर होते. म्हणजे उंदीर नव्हते, पण लेंड्या होत्या. जुन्या, वाळलेल्या. त्याने त्या ब्रशने गोळा करून छोट्या प्लॅस्टिकच्या पिशवीत भरल्या होत्या आणि पिशवीवर त्याच्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं होतं की त्या कुठल्या खोक्यात आणि कुठल्या गठ्ठ्यात मिळाल्या. कीड कुठून कुठे पसरली ते पुढे कळावं म्हणून तो असं करतो. बाकी सगळे गठ्ठे स्वच्छ होते, तो म्हणाला. लेंड्या एकाच गठ्ठ्यात. हे त्यालाही जरा विचित्र वाटत होतं, कारण उंदीर असे निवडून बसत नाहीत.

मी पिशवी उजेडाकडे धरली. काळे, चपटे, एका टोकाला निमुळते दाणे. मी पिशवी उघडली, एक दाणा काढला आणि दातांखाली धरला.

त्या बिचाऱ्याचा चेहरा मी जन्मात विसरणार नाही. त्याने पिशवी घ्यायला हात पुढे केला, पण उशीर झाला होता. एक बाई त्याच्या डोळ्यांदेखत उंदराची लेंडी खात होती.

"तीळ आहेत," मी म्हटलं. "सेसमी. खवट झालेत, पण तीळच आहेत."

तो पाणी आणायला धावला. मी खुर्चीत बसून हसत होते आणि हसता हसता थांबले. कारण मला ते दिसलं. दरवर्षी सर्वपित्रीच्या सकाळी तो वकील वरच्या खोलीत यायचा, तीळ आधीच हातात घेतलेले असायचे. परकं नाव जिभेवर बसत नसणार. चुकायला नको म्हणून तो गठ्ठा सोडायचा, नाव वाचायचा, आणि वाचताना हातातले चार दाणे कागदांत सांडायचे. वर्षानुवर्षं. त्याच्या मुलीने घर कितीही झाडलं असेल, फितीत बांधलेला गठ्ठा कोण झाडणार?

गठ्ठा एका पहारेकऱ्याचा होता. आरोपींतला वयाने सगळ्यात लहान. जबानीच्या पहिल्याच ओळीत त्याचं नाव टाइप केलेलं होतं, आणि जन्म कोरियातला, शेतकऱ्याचा मुलगा. तो कैद्यांना मारायचा. ते त्याने कबूलच केलं होतं. वरचे मला कैद्यांना मारायला सांगायचे आणि मी मारलं नाही तर मला मारायचे, असं त्यात होतं. त्याने मारलेल्यांपैकी एक कैदी पुढे मेला. आपल्याकडचाच शिपाई. दयेचा अर्ज वकिलाने स्वतः लिहिला होता, तो फेटाळला गेला, आणि त्याला फाशी झाली. गठ्ठ्यात शेवटी अंमलबजावणी झाल्याचा एका वाक्याचा कागद होता.

मी तिथल्या तिथे मावशींना फोन केला आणि टाइप केलेलं नाव वाचून दाखवलं. मग त्यांनी ते नाव म्हणून बघितलं. एकदा, दोनदा. "हाच," त्या म्हणाल्या, आणि रडायला लागल्या. "बाबा हाच म्हणायचा. मी लांबून ऐकला होता, आता आठवला. हाच."

मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, चांगलंच बरं वाटलं. त्या रविवारी मी घरी पडून एका बैठकीत कोरियन सिरियलचे भाग बघत होते. मला त्याचं व्यसन आहे आणि नवऱ्याला त्याचा वैताग. भाग संपला, नावांची पाटी आली, आणि मी ताडकन उठून बसले. पडद्यावरची अक्षरं म्हणजे गोल आणि सरळ काड्या. असाच गोल मी कुठेतरी शाईत बघितला होता.

सोमवारी जाऊन जबानीचं शेवटचं पान काढलं. टाइप केलेलं नाव, आणि त्याखाली सही. सहीत गोल होता, काड्या होत्या. जपानी हॉटेलांच्या पाट्यांवर असली अक्षरं मी कधी बघितलेली नव्हती. कोर्टातल्या साहेबांना सगळं सारखंच दिसलं असणार. आरोपी जपानी फौजेतला, म्हणजे सही जपानी. वकिलालाही तेच वाटलं असणार.

आमच्या रीडिंग रूममध्ये एक कोरियन मुलगी अभ्यासाला यायची. मी मावशींना फोन करून फक्त एवढंच विचारलं की सही कुणाला दाखवली तर चालेल का. त्या नव्या आनंदात होत्या, हो म्हणाल्या. मी एका कोऱ्या कागदाला खिडकी कापली, ती सहीवर ठेवली, बाकी सगळं झाकलं, आणि त्या मुलीला विचारलं की हे काय लिहिलंय.

तिने वाचलं. "नाव आहे," ती म्हणाली. "आमच्याकडचं. साधंसं नाव." तिने ते म्हणून दाखवलं. टाइप केलेल्या नावाशी त्याचा काही संबंध नव्हता. मी तिला टाइप केलेलं नाव सांगितलं, खटल्याचं आणि फाशीचंही, तेव्हा तिने माझ्याकडे वर बघितलं.

"ते त्याचं नाव नाही. ते घ्यायला लावलेलं नाव आहे. राज्य जपानचं होतं, तेव्हा सगळ्यांना तशी नावं घ्यावी लागली. माझ्या पणजोबांनाही असंच एक होतं. घरात ते कुणी उच्चारत नाही." मग तिने विचारलं, "त्याला त्या नावाने फाशी दिली?"

मी हो म्हटलं. तिने कागदाची खिडकी पुन्हा नीट सरळ केली, उगाचच, आणि आपल्या टेबलाशी जाऊन बसली.

त्यानंतरचे दिवस मी काय केलं ते विचारू नका. मावशींना सांगायला पाहिजे हे कळत होतं. फोन हातात घ्यायचा आणि ठेवायचा. काय सांगू? तुमच्या बाबांनी आयुष्यभर ज्या नावाने पाणी सोडलं, ते त्या माणसाचं नव्हतंच? ते ज्यांनी त्याला पहाऱ्यावर उभं केलं त्यांनी डकवलेलं होतं? त्या म्हाताऱ्या बाईला एक नाव मिळालं होतं, ती ते घोकत होती, मला मेसेज करत होती की आज न बघता बरोबर म्हटलं. आणि माझा तर यातल्या कशावर विश्वासच नाही. पाणी गवतावर पडतं, गवत हिरवं होतं, संपलं. मग फोन करायला मी का कचरत होते?

का ते मला माहीत होतं. मी ते नुसतं टाळत होते.

माझ्या आजोबांना गावात एक नाव होतं. शाळेत घालताना मास्तरने विचारलं, आणि पाटलाच्या माणसाने परस्पर सांगून टाकलं. घाणीकचऱ्यावरून ठेवलेलं नाव. आमच्या लोकांना असलीच नावं असायची. दीक्षेनंतर आजोबांनी ते टाकलं आणि नवं घेतलं. मी लहान असताना एकदा त्यांचं बोट धरून नागपूरला सीताबर्डीवर चालले होते. मागून गावाकडचा कुणीतरी त्यांना त्या जुन्या नावाने हाका मारायला लागला. मोठमोठ्याने, प्रेमानेच मारत असेल. आजोबांची चाल बदलली नाही. मी त्यांचा हात ओढला, म्हटलं, आजोबा, ते तुम्हालाच बोलावताहेत. ते म्हणाले, "मला नाही. त्या नावाचं इथे कुणी नाही." आणि तो माणूस हाका मारत मागे राहिला.

मी हे कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात काही आहे असं वाटलंच नव्हतं.

सर्वपित्रीच्या सकाळी मी एजवेअरला गेले. मावशींनी बोलावलं होतं, सोबत म्हणून. नॉर्दर्न लाइनच्या ट्रेनमध्ये जागा रिकाम्या होत्या, तरी मी उभीच राहिले. ठरवलं होतं की दारातच सांगून टाकायचं. दार उघडलं तर मावशी साडीत. स्वयंपाकघरातून तांदळाच्या खिरीचा वास येत होता. ओट्यावर वडे, अळू मिळालं नाही म्हणून पालकाची भाजी, एक वाटी पाणी आणि सुपरमार्केटमधल्या काळ्या तिळांचं पाकीट. फ्रिजवर पिवळ्या चिठ्ठीवर त्यांनी ते नाव लिहून चिकटवलं होतं, आधी इंग्रजीत आणि खाली देवनागरीत. देवनागरी अक्षरं पहिलीतल्या मुलासारखी.

"मला आता चिठ्ठीचा गरज नाही," त्या म्हणाल्या. "ऐक." आणि त्यांनी न अडखळता ते नाव म्हटलं.

मी दाराच्या चौकटीला धरून सगळं सांगून टाकलं. सहीचं, त्या मुलीचं, तिच्या पणजोबांचं. सांगताना फ्रिजवरची चिठ्ठी सतत डोळ्यांसमोर येत होती.

मावशींनी गॅस बंद केला. खुर्ची ओढली, पण बसल्या नाहीत.

"मग," त्या म्हणाल्या, "बाबाचा पाणी त्याला नाही मिळाला?"

मला वाटलं होतं त्या मला खोटं ठरवतील, किंवा रडतील. या प्रश्नाची मी तयारीच केली नव्हती. ज्या बाईचा श्राद्धावर विश्वास नाही, तिला पाणी पोचलं का, असं विचारतात. हो पोचलं, म्हटलं असतं तर दोघी खिरीकडे वळलो असतो.

मी त्यांना सीताबर्डीची गोष्ट सांगितली. माझे आजोबा, ती हाक, आणि ते वळले नाहीत ते. "मला पाण्याचं काही कळत नाही मावशी," मी म्हटलं. "पण टाकलेल्या नावाने बोलावलं की माणूस वळत नाही. एवढं मी बघितलंय."

त्या चिडल्या. खूप चिडल्या. माझ्यावर नाही. "ही वॉज हिज लॉयर!" त्या ओरडल्या. "त्याने विचारायला पाहिजे होता. इतका हुशार माणूस! लोकांच्या घराचा एकएक कॉमा चेक करायचा. त्याला नुसता विचारायला पाहिजे होता ना, तुझा नाव काय?" त्यांनी चिठ्ठी फ्रिजवरून ओढली. फाडतील असं वाटलं, पण फाडली नाही. घडी करून ओट्याच्या खणात, चहाच्या गाळण्याशेजारी ठेवून दिली. मग पाठ करून उभ्या राहिल्या. मी खुर्चीचा दांडा धरायची, सोडायची, पुन्हा धरायची. मला बाहेर पळून जावंसं वाटत होतं.

"सांग," त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या. "तो दुसरा नाव. हळू सांग."

मी सांगितलं. त्यांना ते जमेना. मधला उच्चार त्यांच्या जिभेला नवा होता, माझ्याही. मी त्या मुलीकडून फोनवर रेकॉर्ड करून घेतला होता, तो लावला. पुन्हा लावला. मावशी विद्यार्थिनीसारख्या मान हलवत ओठांतल्या ओठांत म्हणत राहिल्या.

"दोन्ही घेऊ या?" त्या म्हणाल्या. "टु बी सेफ?"

"नाही," मी म्हटलं. माझा आवाज इतका चढला की मलाच लाज वाटली. "एकच."

बागेत पाऊस पडून गेला होता. शेडच्या दारावर घर विकणाऱ्या एजंटची पाटी टेकवून ठेवली होती. मावशी दक्षिणेकडे तोंड करून उभ्या राहिल्या, आणि मी वाटी धरून बाजूला. आईवडिलांचं पाणी त्यांनी सोडलं, त्यांना ते पाठच होतं. मग हातावर तीळ घेतले. गोत्र माहीत नसलं की काश्यप म्हणायचं, एवढं त्यांना यूट्यूबवरून कळलं होतं. काश्यप म्हणाल्या आणि नावाशी अडल्या. सगळं विसरल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे इतक्या घाबरून बघितलं की मी मोठ्याने ते नाव म्हटलं.

मी म्हटलं, त्यांनी म्हटलं, पाणी पडलं. पुन्हा मी, पुन्हा त्या. मी हात जोडले नाहीत, डोळे मिटले नाहीत. मी फक्त एका माणसाचं नाव त्याच्या स्वतःच्या भाषेत, जमेल तितकं बरोबर, एजवेअरच्या मागच्या बागेत मोठ्याने घेत होते. त्याने आपल्या माणसांना मारलं होतं हे मी विसरले नव्हते. तरीही घेत होते. शेवटच्या खेपेला मावशींनी माझी वाट न बघता ते म्हटलं आणि ते बरोबर आलं.

वाटीत थोडं पाणी उरलं होतं. मला वाटलं झालं, म्हणून मी वळले. मावशी तिथेच उभ्या होत्या. त्यांनी माझ्या हातातून वाटी घेतली आणि उरलेलं पाणी गवतावर सोडलं, तीळ न घेता, मंत्र न म्हणता. समोर शेडपाशी कुणीतरी उभं असावं तसं त्या बोलल्या.

"बाबाला तुमचा सही वाचता नाही आला," त्या म्हणाल्या. "पण त्याने ठेवला. फेकला नाही. एवढा वर्षं नीट ठेवला."